बोअरलॉगवरचा महिना : सांगलीतील एका प्लॉटवरच्या द्रवीभवन तपासणीच्या नोंदी

७ एप्रिल

नदीकाठच्या भागातील एका प्लॉटचे माती तपासणीचे काम कार्यालयाकडे आले आहे. तळघरात वाहनतळ आणि वर तीन मजले, असा इमारतीचा आराखडा आहे. मालकांना नेहमीप्रमाणे दोनच गोष्टी हव्या आहेत : मातीची भारक्षमता किती धरायची आणि पाया किती खोल न्यायचा. त्यांच्या परवानगीने मी त्यात तिसरा प्रश्न जोडला आहे. भूकंपाच्या हादऱ्यात या जमिनीखालच्या एखाद्या थराचे द्रवीभवन होईल का, हा तो प्रश्न. त्याचे वेगळे पैसे मी मागितलेले नाहीत, त्यामुळे परवानगी लगेच मिळाली.

द्रवीभवन म्हणजे माती विरघळणे नव्हे, हे मालकांना समजावून सांगताना पुरेवाट झाली. सैल वाळूचे कण एकमेकांवर टेकलेले असतात आणि वरचा भार त्या टेकण्यातूनच खाली जातो. हादरे बसले की कण अधिक दाटीवाटीने बसू पाहतात. मधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील आणि त्या पाण्याला काही सेकंदांत बाहेर पडायला वाट नसेल, तर कणांवरचा भार पाण्यावर येतो, पाण्याचा दाब चढत जातो आणि कणांचे टेकणेच सुटते. तेवढ्या काळापुरती ती वाळू दाट पातळ पदार्थासारखी वागते. तिच्यावर उभी असलेली इमारत कलते किंवा खचते, आणि जमिनीत पुरलेली रिकामी टाकी वर येते. मालकांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पण आपल्याकडे तर काळी माती आहे ना?” प्रश्न योग्य आहे. वरची काळी माती अतिशय चिकट असते, तिचे असे द्रवीभवन होत नाही. मात्र ती काळी माती कुठवर आहे आणि तिच्याखाली काय आहे, हे खणल्याशिवाय कळत नाही.

९ एप्रिल

या परिसरातील कार्यालयाचे जुने बोअरलॉग, म्हणजे कुठल्या खोलीवर कोणती माती लागली याच्या नोंदी, कपाटातून काढून एकत्र लावले. मुळात दख्खनचा काळा कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर कृष्णेने आणून टाकलेला गाळ, हा क्रम सगळीकडे आहे. गाळाची जाडी मात्र शंभर पावलांवर बदलते. काही ठिकाणी काळ्या मातीखाली थेट चुनखडीमिश्रित चिकणमाती आणि मुरूम लागतो, तर काही ठिकाणी मध्ये पोयटा (वाळूहून बारीक, पण चिकणमातीहून भरड गाळ) आणि बारीक वाळूचा पट्टा येतो. इथे ज्यांना ओत म्हणतात त्या पुराचे पाणी आत घेणाऱ्या जुन्या सखल वाटांच्या आसपास हा वाळूचा पट्टा अधिक वेळा दिसतो. त्यातल्या काही वाटा आता भराव टाकून बुजवलेल्या आहेत आणि त्यांवर प्लॉट पडले आहेत.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. बहुतेक सगळे बोअर फेब्रुवारी ते मे या काळात घेतलेले आहेत. पावसाळ्यापूर्वी पाया उचलायचा असल्याने तपासणी उन्हाळ्यात होते, यात गैर काही नाही. पण त्यामुळे “भूजल पातळी” या रकान्यात वर्षातली सर्वांत खोल पातळी लिहिली जाते आणि पुढे तीच त्या जागेची पातळी समजली जाते.

१६ एप्रिल

हिशेबात भूकंप कोणता धरायचा, यावर आज दिवस गेला.

इथे भूकंप म्हटले की प्रत्येकाला ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आठवते. कोयनानगर सांगलीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे आहे. आमच्या शेजारचे काका त्या वेळी शाळेत होते. मांडणीवरची भांडी खणखणली आणि आईने सगळ्यांना अंगणात काढले, एवढे त्यांना आठवते, आणि त्या अंतरावर तेवढेच अपेक्षित आहे. तोच भूकंप पुन्हा त्याच ठिकाणी झाला, तर सांगलीतली वाळू पातळ होण्याइतके हादरे इथवर पोचण्याची शक्यता मला कमी वाटते. हे मी अहवालात स्पष्ट लिहिणार आहे, कारण भीती घालून पाया खोल करायला लावणे हा आमचा धंदा नव्हे.

तरीही हिशेब कोयनेच्या अंतरावर सोडून देता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनच्या कातळाखाली कुठे काय ताणलेले आहे, हे वरून दिसत नाही. म्हणून आय. एस. १८९३ (भाग १) : २०१६ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातील पद्धत जशीच्या तशी घ्यायची असे ठरवले. त्यानुसार सांगली तिसऱ्या विभागात आहे, त्या विभागाचा गुणांक ०.१६ आहे आणि जागेचा वेगळा अभ्यास नसेल तर जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या तेवढ्या पट धरावे, असे मानक सांगते. भूकंपाची महत्ता ६.५ घेतली आहे. (वर्तमानपत्रे तिला तीव्रता म्हणतात. तीव्रता ठिकाणागणिक बदलते, महत्ता एका भूकंपाची एकच असते. हा घोळ आमच्या अहवालांतही शिरलेला आहे.)

एवढ्या महत्तेने काय होते, असे वाटणाऱ्यांसाठी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चचे उदाहरण पुरेसे आहे. २२ फेब्रुवारी २०११ चा तिथला भूकंप ६.२ महत्तेचा होता, पण तो उथळ होता आणि शहराच्या अगदी जवळ झाला. हादरे आपल्या मानकातील आकड्याच्या कितीतरी पट होते. रस्त्यांवर आणि अंगणांत वाळूचा राखाडी चिखल साचला आणि पुढे हजारो घरांच्या वस्त्या कायमच्या उठवाव्या लागल्या. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात ऐन हिवाळ्यात कच्छच्या रणात पाणी आणि वाळू उफाळून आली, कारण रणात पाणी बारा महिने वरच असते. महिना कोणता हे महत्त्वाचे नाही, त्या महिन्यात पाणी कुठे आहे हे महत्त्वाचे.

२ मे

बोअरला सुरुवात झाली. सकाळी सात वाजता तिकाटणे उभे राहिले. ड्रिलर मामा या कामात माझ्या वयाहून जुने आहेत.

एस. पी. टी. चाचणी (नळी ठोकून मातीचा घट्टपणा मोजण्याची प्रमाणित पद्धत) वरवर पाहता सोपी आहे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंतचे ठोके मोजायचे, पहिल्या १५ सेंटिमीटरचे सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० सेंटिमीटरच्या ठोक्यांना एन मूल्य म्हणायचे. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा असतो आणि तो आकडा दोरी ओढणाऱ्याच्या दंडावर अवलंबून असतो. मार्गदर्शक दांड्यावरची ७५ सेंटिमीटरची रंगाची खूण झिजून गेली होती, त्यामुळे हातोडा अंदाजाने उचलला जात होता. मी टेप लावून पाहिले, तर सकाळी तो बरोबर उंचीवरून पडत होता, पण अकरानंतर ऊन चढले तसा ६५ ते ६८ वर आला. उंची कमी झाली की ठोके जास्त लागतात, एन मूल्य वाढलेले दिसते आणि माती आहे त्याहून घट्ट वाटते. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते. मामांनी काही न बोलता लाल इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दांड्यावर घातले आणि दोरी ओढणाऱ्या पोराला म्हणाले, “तांबडं दिसल्याबिगर सोडायचं न्हाई.” १.५ मीटरवरची चाचणी सकाळची असल्याने ती ठेवली. ३ मीटरवरची रद्द केली आणि थोडे खाली ३.५ मीटरवर नव्याने घेतली.

काळी माती ३.८ मीटरपर्यंत आहे. उन्हाने तिला पडलेल्या भेगांत वरच्या भागात माझी पूर्ण तळहाताची रुंदी गेली.

३ मे

४.५ मीटरवर पिवळसर पोयटा, एन ९. ५.२ मीटरच्या सुमारास माती पोखरणाऱ्या ऑगरचा आवाज बदलला. चिकणमातीत तो चोखल्यासारखा येतो, इथे तो खरखरीत झाला. बोअरच्या भिंती ढासळू लागल्याने केसिंग उतरवले. ६ मीटरवर ठोके पडले २, ३, ४. एन मूल्य ७.

दुभंगती नळी उघडली तेव्हा आत करड्या रंगाची ओलसर, बारीक, पोयटामिश्रित वाळू होती. तिचा लिंबाएवढा गोळा तळहातावर घेतला, चार थेंब पाणी घातले आणि दुसऱ्या हाताने त्या हाताच्या कडेवर हलके हलके आपटत राहिले. सात-आठ ठोक्यांत गोळ्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकू लागला, कडा पसरल्या आणि गोळा तळहाताच्या खळग्यात आपोआप सपाट झाला. मूठ किंचित आवळताच चमक गेली आणि माती पुन्हा कोरडी, खडबडीत दिसू लागली. ही चाचणी प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि प्रत्यक्ष साइटवर क्वचितच कोणी करते. दोरी ओढणाऱ्या पोराने ती स्वतः तीनदा करून पाहिली. वरच्या काळ्या मातीचा गोळा घेऊनही त्याने ती केली. तो गोळा ढिम्म हलला नाही.

७.५ मीटरवर एन ११, ९ मीटरवर गोटेमिश्रित भरड वाळूत २४, आणि १०.४ मीटरवर मुरूम, तिथे नळी पुढे जाईना. सैल वाळूचा थर ५.२ पासून ७.९ मीटरपर्यंत धरला आहे. पाणी संध्याकाळी ८.६ मीटरवर स्थिरावले.

९ मीटरवरची चाचणी पाण्याखालची होती, म्हणून तिच्या आधी बोअरमध्ये वरपर्यंत पाणी भरून ठेवले. बोअरमधले पाणी बाहेरच्यापेक्षा खाली गेले की तळातून वाळू उकळल्यासारखी वर येते आणि एन मूल्य खोटे कमी पडते. बोअरमधला गाळ उपसणारा बेलर घाईने वर खेचला तरी तेच होते. उंचीची चूक माती घट्ट दाखवते, ही चूक ती सैल दाखवते, आणि दोन्ही एकाच बोअरमध्ये झाल्या तर कागदावर सगळे ठीक दिसते.

बोअर बुजवण्याऐवजी त्यात दोन इंची पीव्हीसी पाइप उतरवला. हे माझे हिशेब तपासणाऱ्या सरांनी निघताना बजावले होते. पाइपच्या फक्त वाळूत येणाऱ्या भागाला करवतीच्या पात्याने चिरा पाडल्या, त्यावर कापड गुंडाळले, भोवती बारीक खडी टाकली आणि वरचा भाग बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीने बंद केला. पावसाचे पाणी वरून पाइपलगत उतरू नये आणि वाळूच्या थरातील पाण्याचीच पातळी कळावी, हा हेतू आहे. तोंडाला टोपण बसवले.

१२ मे

प्रयोगशाळेचे निकाल आले. ६ मीटरवरच्या नमुन्यात ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग २२ टक्के, ७.५ मीटरवर १५ टक्के. दोन्हींत चिकटपणा नाही. ४.५ मीटरवरच्या पोयट्याची द्रव मर्यादा (ज्या ओलाव्याला माती पातळ वाहू लागते) ३८, आकार्यता निर्देशांक (ओलाव्याच्या किती पट्ट्यात ती मळता येते) १४, नैसर्गिक ओलावा २१ टक्के, शुष्क घनता १.४५.

१४ मे

पहिला हिशेब. पाणी ८.६ मीटरवर आहे, सैल वाळू ७.९ ला संपते, म्हणजे वाळू पाण्याच्या वर आहे. पोकळ्यांत पाणी भरलेले नाही, त्यामुळे द्रवीभवनाचा प्रश्नच उद्भवत नाही. अहवालात एक ओळ लिहिली असती, “द्रवीभवनाचा धोका नाही”, आणि ती ओळ मे महिन्यापुरती अक्षरशः खरी ठरली असती.

१९ मे

प्लॉटला लागून एका आजींच्या परसात जुनी बांधीव विहीर आहे. आज दोरीला वजन बांधून पातळी मोजली. ती आमच्या बोअरशी जुळते. आजी कट्ट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “आत्ता बघून काय कळणार तुला पोरी? श्रावणात ये. वाकून तांब्या बुडतो.” मी त्यांना विहिरीच्या आत पाणी कुठवर येते ते दाखवायला सांगितले. त्यांनी काठीने जो दगड दाखवला, तिथवर शेवाळाचा वाळलेला काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. जमिनीपासून मोजला, १ मीटर ५ सेंटिमीटर.

संध्याकाळी हरिपूरला गेले. वारणा कृष्णेला मिळते त्या गावात हळद साठवण्याची पेवे आहेत. तोंड माणूस उतरेल एवढे, आत घागरीसारखे पोट, आणि आतून ना वीट ना चुना, नुसती माती. पेव खणायला जमीन बघताना वाळूची शीर लागली की ती जागा सोडून देत, असे तिथल्या एका जुन्या माणसाने सांगितले. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले आणि त्यानंतर त्यांचा वापर घटला. माझ्या कामापुरती बाब अशी की जिथे पेव वर्षानुवर्षे उभे राहिले, तिथे तेवढ्या खोलीपर्यंत घट्ट चिकणमाती आहे याचा तो एका बोअरहून मोठा पुरावा आहे. जुन्या पेवांच्या जागा नकाशावर टिपायच्या आहेत.

२३ मे

दुसरा हिशेब, पाणी वर धरून. ६ मीटर खोलीवरच्या वाळूचा सुरक्षा गुणांक (वाळूचा रोध भागिले भूकंपाचा भार; एकाच्या खाली गेला तर द्रवीभवनाचा धोका) पाणी २ मीटरवर असेल तर १.१२ आणि १ मीटरवर असेल तर १.०१ आला. दोन्ही एकाच्या वर. समाधान वाटले. सरांना तक्ता पाठवला.

२५ मे

सरांचा फोन. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “एन मूल्य दुरुस्त करताना दाब कुठल्या पाण्याचा घेतलास?”

चूक माझी होती आणि ती सविस्तर लिहून ठेवते, कारण ती पुन्हा होईल. खोल गेले की वरच्या मातीच्या दाबाने एन मूल्य आपोआप वाढते, म्हणून ते एका ठरावीक दाबाला आणून तोलावे लागते. हा दाब म्हणजे कणांवर प्रत्यक्ष येणारा प्रभावी दाब, आणि तो चाचणीच्या दिवशीचा घ्यायचा असतो, कारण ते सात ठोके त्या दिवशीच्या दाबाखाली पडलेले आहेत. ३ मे रोजी ६ मीटरवर पाणी नव्हते, दाब होता १०८ किलोपास्कल, आणि त्यावरून दुरुस्तीचा गुणक येतो ०.९६. मी मात्र तक्त्यात पाण्याची पातळी बदलली तेव्हा ती एकाच चौकटीतून दोन्ही सूत्रांत गेली. दाब कमी झाला, गुणक १ मीटरच्या पाण्याला १.२५ झाला आणि कोरड्या वाळूत मोजलेले सात ठोके कागदावर वाढले. भूकंपाचा भार काढताना पाणी पावसाळ्याचे आणि एन मूल्य तोलताना पाणी चाचणीच्या दिवसाचे, हे दोन वेगळे रकाने आहेत.

दुरुस्त हिशेब असा. सात ठोक्यांना हातोड्याची ऊर्जा, दांड्याची लांबी आणि बोअरचा व्यास यांच्या दुरुस्त्या लावून ५.२ उरतात, दाबाची दुरुस्ती लावून ५.० आणि २२ टक्के बारीक कणांची भर धरून ९.४. त्यावरून ७.५ महत्तेसाठी रोधगुणोत्तर ०.१०८ येते, आणि ६.५ महत्तेसाठी १.४४ ने गुणून ०.१५६. भूकंपाचे भारगुणोत्तर पाणी ४ मीटरवर असताना ०.१२१, २ मीटरवर ०.१५३ आणि १ मीटरवर ०.१७५ आहे. म्हणून सुरक्षा गुणांक अनुक्रमे १.२९, १.०२ आणि ०.८९. ७.५ मीटरवरच्या चाचणीचे उत्तर यापासून फारसे दूर नाही.

तीच वाळू, तेच सात ठोके, तोच भूकंप. मे महिन्यात प्रश्न नाही आणि श्रावणात गुणांक एकाच्या खाली. आणि माझ्या चुकीने ०.८९ चे १.०१ झाले होते, म्हणजे नेमका तो फरक ज्यावर “ठीक आहे” आणि “ठीक नाही” हे ठरते.

२८ मे

सगळे जुने तक्ते उघडून पाहिले. आणखी दोन कामांत हीच चूक सापडली. दोन्ही ठिकाणी वाळू घट्ट होती, त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही. तरीही सुधारित पाने पाठवली.

२१ जून

पाइपमधील पाणी ८.१ मीटर. पाऊस अजून फारसा नाही.

१७ जुलै

४.४ मीटर. महिन्याभरात पावणेचार मीटर चढले.

पावसाने जोर धरला की सांगलीत चहाच्या टपरीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत एकच प्रश्न असतो, “आयर्विनला पाणी किती?” कृष्णेवरच्या या पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेले. पुलाच्या खांबावरचा आकडा सगळ्या शहराला ठाऊक आहे, आणि त्याच वेळी पायाखाली पाणी किती वर आले आहे याचा आकडा कुणाजवळच नाही. नदी उतरली की रस्ते चार दिवसांत कोरडे होतात. वाळूत शिरलेले पाणी तितक्या लवकर जात नाही.

१३ ऑगस्ट

छत्री सावरत मोजले. १.३ मीटर. आजींच्या विहिरीत १.२ मीटर. या पातळीला ६ मीटरवर गुणांक ०.९३ आणि ७.५ मीटरवर ०.९४.

याच निमित्ताने ४.५ मीटरवरच्या पोयट्याकडे पुन्हा वळले. १७ ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपात अडापझारी शहराच्या इमारती प्रामुख्याने पोयट्यासारख्या मातीत खचल्या. त्या अनुभवातून पुढे आलेला निकष असा की आकार्यता निर्देशांक १२ पेक्षा कमी आणि ओलावा द्रव मर्यादेच्या ०.८५ पटीहून जास्त असेल तर माती धोक्याची, आणि निर्देशांक १२ ते १८ असून हे प्रमाण ०.८ च्या वर असेल तर संशयास्पद धरून पुढची चाचणी करावी. मे महिन्यात हे प्रमाण २१ भागिले ३८, म्हणजे ०.५५ होते. तोच पोयटा पूर्ण भिजल्यावर त्याची घनता पाहता ओलावा ३२ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि प्रमाण होते ०.८४. इथेही महिना बदलला आणि रकाना बदलला. नमुना पुढच्या चाचणीसाठी वेगळा काढला.

१४ ऑगस्ट

आकडा आला म्हणजे इमारत पडणार असे नव्हे. द्रवीभवन होऊ शकणारा थर ५.२ मीटरच्या खाली आहे आणि त्यावर न द्रवणाऱ्या, निदान खात्रीने न द्रवणाऱ्या ३.८ मीटर काळ्या मातीचे झाकण आहे. आपल्या मानकाइतक्या हादऱ्यांत साधारण तीन मीटरचे झाकण असले तरी खालची वाळू पृष्ठभागावर फुटून येण्याचा संभव बराच कमी होतो, असा जगभरचा अनुभव आहे. मोकळ्या जागेवर, अंगणात, रस्त्यावर फारसे काही दिसणार नाही.

पण इमारतीखाली हे झाकण आपणच कापणार आहोत. तळघरासाठी ३ मीटर खोदाई आहे. पोयटाही निर्धोक धरला तरी मधे उरतात २.२ मीटर, आणि पोयट्यावर संशय धरला तर एक मीटरही नाही. दुसरी गोष्ट अधिक काळजीची. काळ्या मातीच्या फुगण्यावर उपाय म्हणून आपल्याकडे कंदयुक्त पाइल (तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले पायाचे खांब) सर्रास वापरतात, आणि आराखड्यात जमिनीपासून ४.५ मीटर लांबीचे पाइल दाखवले आहेत. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यावर हा उपाय चोख आहे. पण इथे त्यांचे तळ सैल वाळूच्या थरापासून सत्तर सेंटिमीटर वर थांबतात, आणि तेही संशयित पोयट्यात. इमारतीचा सगळा भार, ज्या थराचा वर्षातले तीन महिने भरवसा नाही, त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवल्यासारखे ते होईल.

नदीच्या प्रत्यक्ष काठाचा प्रश्न याहून वेगळा आहे. तिथे एक बाजू मोकळी असते, आणि खालचा थर पातळ झाला की वरची जमीन अगदी अल्प उतारावरही नदीकडे सरकते. सरकताना ती भेगा पाडत, जलवाहिन्या तोडत जाते. वाळू उपशाने काठ जिथे उभे झाले आहेत तिथे हे अधिक. आमचा प्लॉट काठापासून पाऊण किलोमीटर आत असल्याने अहवालात याचा फक्त उल्लेख ठेवते.

२६ सप्टेंबर

१.९ मीटर. पुढच्या पट्ट्यात उसाला पाटाचे पाणी सुरू आहे, त्यामुळे उतार मंद आहे. मिरज आणि वाळवा तालुक्यांत अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, तिथे पाणी वर्षभर वरच राहते. तशा जागी मे महिन्यातला बोअरसुद्धा खरे सांगेल.

८ ऑक्टोबर

मालक आणि त्यांचे स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्याबरोबर बैठक झाली. इंजिनिअर साहेबांचा आक्षेप रास्त होता : तिसऱ्या विभागात, तीन मजली इमारतीसाठी, आजूबाजूला कोणी करत नसताना हा खर्च का करावा? मी तीन आकडे समोर ठेवले, १.२९, १.०२, ०.८९, आणि प्रत्येकापुढे पाण्याची पातळी. कोयनेच्या अंतराबद्दल मला जे वाटते तेही सांगितले. ते बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे पाइल मुरमात नेले तर हा वादच मिटतो.” मुरूम १०.४ मीटरवर आहे. सहा मीटर अधिक लांबीचे, पण संख्येने कमी आणि व्यासाने मोठे साधे पाइल, असा हिशेब त्यांनी तिथेच कागदाच्या मागे मांडला. पाइल मुरमात किती रोवायचे आणि वाळूच्या थरातून मिळणारा बाजूचा आधार शून्य धरायचा, हे मी त्यात घालायला लावले. तळघर मालकांनी स्वतःच रद्द केले. त्याचे कारण द्रवीभवन नव्हे. २०१९ चे पाणी त्यांच्या जुन्या घरात छातीपर्यंत होते.

३० ऑक्टोबर

२.७ मीटर. अंतिम अहवाल दिला. “भूजल पातळी” या रकान्याचे दोन रकाने केले आहेत : चाचणीच्या दिवशीची, तारखेसह, आणि हिशेबासाठी धरलेली, कारणासह. कार्यालयाच्या छापील नमुन्यातही तोच बदल केला.

२१ नोव्हेंबर

पाइलचे काम सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी यंत्राखाली आमचा पाइप मोडला. हे होणार हे माहीत होते. आजींना विचारून त्यांच्या परसात, विहिरीपासून सहा मीटरवर कुंपणाच्या कडेला दुसरा पाइप उतरवला. मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. टोपणावर आजींनी दगड ठेवला आहे, पोरे खेळतात म्हणून. पहिले वाचन ३.२ मीटर.